गाडीतून उतरल्यावर: करुण चंडोकचा मायक्रोफोन



फॉर्म्युला वन बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे दृश्य लगेच येईल. शनिवारची पात्रता फेरी नुकतीच संपलेली असते. स्टुडिओत एक माणूस मोठ्या टचस्क्रीनपुढे उभा राहतो. पडद्यावर दोन ड्रायव्हरांची एकेक फेरी शेजारी शेजारी चालू असते. तो बोटाने चित्र थांबवतो, थोडं मागे घेतो आणि सांगतो की बघा, याने इथे ब्रेक जरा आधी सोडला, म्हणून पुढच्या सरळ पट्ट्यावर हा पुढे निघाला. आपण तीच फेरी दोनदा पाहिलेली असते आणि आपल्याला काहीही दिसलेलं नसतं. त्याने सांगितल्यावर मात्र तेवढंच दिसायला लागतं.

ब्रिटनच्या स्काय स्पोर्ट्स वाहिनीवरचा हा माणूस म्हणजे आपला चेन्नईचा करुण चंडोक.

आता त्याचा स्वतःचा हिशोब मांडू. फॉर्म्युला वनमधल्या शर्यती, ११. सर्वांत चांगला क्रमांक, चौदावा. गुण, शून्य. आणि हा माणूस हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन कुठे चुकले ते जगाला दाखवतो. कट्ट्यावर कुणीतरी म्हणणारच, ‘स्वतःला जमलं नाही आणि दुसऱ्याला शिकवतोय!’ हा टोमणा आपल्याकडे क्रिकेटच्या समालोचकांनाही बसतो. त्यात तथ्य किती, हे आज पाहू. माझं मत आधीच सांगून टाकतो: चंडोक इतकं चांगलं समजावतो, त्यातला बराच वाटा त्या न जमलेल्या ११ शर्यतींचा आहे.

हे मी म्हैसुरातून बोलतोय आणि विषयाशी या गावाचं दुहेरी नातं आहे. ‘आकाशवाणी’ हे नाव प्रसारणाला पहिल्यांदा लागलं ते इथे. १९३५ साली महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरातून एक छोटं खाजगी रेडिओ केंद्र सुरू केलं, त्याला हे नाव दिलं आणि पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतलं. दुसरं नातं चाकांचं. जावा आणि येझदी मोटारसायकली तयार व्हायच्या त्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९६ पर्यंत हा कारखाना चालला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत काकांची किंवा मामांची येझदी होती. तिचा तो टणटणीत आवाज ज्यांना आठवतो, त्यांना ती कुठून आली हे बहुधा ठाऊक नसतं.

या गाड्या शर्यतींतही उतरायच्या आणि त्या काळात दक्षिणेत शर्यत म्हणजे शोलावरम. मद्रासजवळची एक जुनी धावपट्टी. युद्धकाळातली, नंतर रिकामी पडलेली. तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवायचा. हा क्लब १९५३ साली ज्यांनी उभा केला, त्यांत एक होते इंदू चंडोक. करुणचे आजोबा. वडील विकी चंडोकही शर्यती आणि रॅलीत गाड्या चालवायचे आणि पुढे देशाच्या मोटरस्पोर्ट महासंघाचे अध्यक्ष झाले. म्हणजे १९ जानेवारी १९८४ ला जन्मलेल्या या मुलाच्या घरात गाडी हा कौतुकाचा विषय नव्हता, रोजचा विषय होता. गरिबीतून वर आलेल्या मुलाची ही गोष्ट नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. मोटार शर्यत हा खेळ मुळातच पैसेवाल्यांचा आहे आणि भारतात तर आणखीच.

पण पैसेवाल्यांच्या खेळातही एक शिडी असते आणि ती चढावीच लागते. भारतातल्या शर्यती, मग २००१ साली आशियातली फॉर्म्युला २००० मालिका जिंकणं, मग इंग्लंडात ब्रिटिश फॉर्म्युला ३, मग २००६ मध्ये पुन्हा आशियात रेनॉची व्ही-६ मालिका जिंकणं आणि तिथून २००७ ला जीपी-२. जीपी-२ म्हणजे फॉर्म्युला वनच्या दाराबाहेरची शेवटची पायरी. त्याच शनिवार-रविवारी, त्याच ट्रॅकवर, मोठ्या शर्यतीच्या आधी ती व्हायची. तिथे चंडोकने बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर २००७ मध्ये एक शर्यत जिंकली आणि २००८ मध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला आणखी एक. तीन हंगामांत दोन विजय. वाईट नाही, पण फॉर्म्युला वनच्या संघांनी घरी येऊन दार ठोठवावं, इतकंही नाही.

या शिडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येतो. खालच्या पायऱ्यांवरच्या ड्रायव्हरला गाडी चालवण्याइतकंच बोलावंही लागतं. प्रायोजक शोधायचे, त्यांना खेळ समजावून सांगायचा, हरलो तर का हरलो आणि पुढच्या वेळी काय बदलणार ते सांगायचं. युरोपातल्या मुलाला निदान समोरच्याला फॉर्म्युला ३ म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागत नाही. भारतीय मुलाला करावी लागते. ज्याला खेळातलं काहीच माहीत नाही, अशा माणसाला दहा मिनिटांत पटवायचं, ही तालीम चंडोकच्या पिढीच्या प्रत्येक भारतीय ड्रायव्हरने केली. ती पुढे कधी, कुठे कामी येईल हे तेव्हा कुणाला माहीत असतं?

आता २०१०. इथे थोडं थांबू.

त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये तीन नवे संघ आले. त्यातला एक स्पेनचा. आधी वेगळ्या नावाने आणि वेगळ्या मालकाखाली निघालेला, मग पैसे संपल्यामुळे हंगामाच्या तोंडावर हात बदललेला. नवं नाव हिस्पानिया रेसिंग, थोडक्यात एचआरटी. मार्चच्या सुरुवातीला संघाने जाहीर केलं की ब्राझीलच्या ब्रुनो सेनाबरोबर दुसरी गाडी करुण चंडोक चालवेल. पहिली शर्यत बहारीनला, १४ मार्चला. मध्ये जेमतेम दहा दिवस. नारायण कार्तिकेयननंतर फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा हा दुसरा भारतीय.

बाकी संघ फेब्रुवारीभर स्पेनच्या ट्रॅकवर गाड्या पळवत होते. एचआरटीची गाडी एकदाही पळाली नव्हती. बहारीनला शुक्रवारी सराव सुरू झाला, तेव्हा चंडोकची गाडी गॅरेजमध्ये जोडली जात होती. शनिवारी सकाळच्या सरावापर्यंतही ती तयार झाली नाही. शेवटी दुपारी पात्रता फेरी सुरू झाली आणि चंडोक आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसून ट्रॅकवर गेला. म्हणजे शाळेच्या वार्षिक परीक्षेलाच पुस्तक हातात मिळावं, तसं. ब्रेक कुठे पकडतात, गियर नीट पडतात का, हायड्रॉलिक्स टिकतात का, सगळं त्या चार-दोन फेऱ्यांत कळणार होतं आणि त्याच फेऱ्यांची वेळही मोजली जाणार होती. पहिला आलेल्या सेबास्टियन फेटेलच्या तुलनेत तो दहा सेकंदांहून जास्त मागे राहिला. फॉर्म्युला वनमध्ये दशांशांवर करिअर घडतात आणि मोडतात. दहा सेकंद म्हणजे वेगळ्याच खेळात असल्यासारखं. रविवारी शर्यतीत दुसऱ्या फेरीतच गाडी आदळली आणि पदार्पण संपलं.

आकडेवारीच्या रकान्यात याची नोंद ‘अपघात’ अशी एका शब्दात होते. त्या शब्दामागे काय असतं, हे आपण टीव्हीवर बसून ओळखू शकत नाही. चंडोक ओळखू शकतो. पुढे जेव्हा एखाद्या तळाच्या संघाचा पोरगा पहिल्याच फेरीत गाडी भिंतीला लावतो आणि सगळे हसतात, तेव्हा समालोचनाच्या खोलीत एक माणूस असा असतो जो आधी विचारतो, ‘याला सरावाच्या फेऱ्या किती मिळाल्या होत्या?’ मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या शर्यतीत, ऑस्ट्रेलियात, त्याने गाडी शेवटपर्यंत नेली. पाच फेऱ्या मागे, पण चौदावा. मोनॅकोत पुन्हा चौदावा आणि त्याची कथा अंगावर काटा आणणारी आहे. शर्यत संपायला थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. रास्कास नावाच्या अरुंद वळणावर मागून येणाऱ्या यार्नो ट्रुलीने आत घुसायचा प्रयत्न केला आणि त्याची गाडी चंडोकच्या गाडीवर चढली. चाक डोक्याच्या अगदी जवळून गेलं. तेव्हा ड्रायव्हरच्या डोक्यावर ‘हेलो’ची चौकट नसायची. ती आली २०१८ ला. दोघंही सुखरूप बाहेर आले. हेलो आला तेव्हा गाडी कुरूप दिसते म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली होती. मोनॅकोचं ते दृश्य पाहिलेल्या माणसाला गाडीच्या सौंदर्याची काळजी जरा कमीच वाटेल.

दहा शर्यती झाल्या. दहावी ब्रिटनमध्ये सिल्वरस्टोनला, चंडोक एकोणिसावा. त्या शर्यतीला संघाने सेनाला बसवून जपानच्या साकोन यामामोटोला गाडी दिली होती. पुढच्या, जर्मनीच्या शर्यतीला सेना परत आला आणि चंडोकच्या जागी यामामोटो बसला. नंतर ती जागा चंडोकला परत मिळाली नाही. तळाच्या संघांत हे असंच चालतं. ड्रायव्हर बदलतो तो नेहमी वेगामुळेच बदलतो असं नाही. पैशाचं गणितही त्यात असतं.

२०११ मध्ये तो टीम लोटसचा राखीव ड्रायव्हर झाला. राखीव म्हणजे क्रिकेटमधला बारावा खेळाडू, फक्त पाणी न्यायचीही संधी नाही. जर्मनीत न्युरबर्गरिंगला ट्रुलीच्या जागी त्याला एक शर्यत मिळाली. विसावा आला, पूर्ण केलेल्यांत शेवटचा. ती त्याची अकरावी आणि अखेरची.

मग आला ऑक्टोबर. भारतात पहिल्यांदाच फॉर्म्युला वन होणार होती. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट नवंकोरं तयार झालं होतं. ज्या घराने शोलावरमच्या धावपट्टीपासून हा खेळ देशात वाढवला, त्या घरातला मुलगा एका संघाच्या ताफ्यात होता. वडील राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष. शुक्रवारी सकाळच्या सरावात संघाने त्याला गाडी दिली. रविवारी, ३० ऑक्टोबरला, शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांत ट्रुली आणि कोव्हालायनेन होते. प्रेक्षकांनी भारतीय ड्रायव्हर म्हणून टाळ्या वाजवल्या त्या कार्तिकेयनला. तो एचआरटीकडून धावत होता, म्हणजे चंडोकच्याच जुन्या संघाकडून.

शर्यत फेटेलने जिंकली. त्या ट्रॅकवर तीनच वर्षं शर्यत झाली, २०११, २०१२ आणि २०१३ आणि तिन्ही फेटेलनेच जिंकल्या. उत्तर प्रदेश सरकारने हा खेळ नसून करमणूक आहे असं धरून करमणूक कर लावला, कराचे वाद चिघळले आणि फॉर्म्युला वनने भारतातून काढता पाय घेतला. चंडोकला स्वतःच्या देशात शर्यत करायची संधी पुन्हा येण्याआधी ती शर्यतच गेली.

त्या वेळी तो होता सत्तावीस वर्षांचा. विचार करा, लहानपणापासून एकाच कामासाठी घडवलेला माणूस. शाळा, सुट्ट्या, व्यायाम, कुटुंबाचा पैसा, सगळं त्याच एका खुर्चीसाठी. आणि सत्ताविशीत कळतं की ती खुर्ची काही परत मिळत नाही. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बसतात ना, त्यांना हे वय आणि ही घालमेल सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की ड्रायव्हरचा निकाल जगभर थेट प्रक्षेपित होतो.

चंडोकने गाडी लगेच सोडली नाही. २०१२ मध्ये तो फ्रान्समधल्या ल मॉं या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. ती शर्यत करणारा पहिला भारतीय. डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डम्ब्रेक यांच्याबरोबर आळीपाळीने गाडी चालवत त्यांनी एकूणात सहावा क्रमांक काढला. माझ्या मते त्याच्या ड्रायव्हिंगची ही सगळ्यांत मोठी कमाई आहे, पण आपल्याकडे तिची बातमी चौकटीएवढी झाली. मग २०१४ ला विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई सुरू झाली, तेव्हा महिंद्राच्या संघातून पुन्हा ब्रुनो सेनाच्याच जोडीला. बीजिंगच्या पहिल्यावहिल्या शर्यतीत तो पाचवा आला.

आणि याच वर्षांत बोलण्याचं काम हळूहळू वाढत गेलं. २०१६ पासून ब्रिटनच्या चॅनल ४ वर, २०१९ पासून स्काय स्पोर्ट्सवर. एका दिवशी हेल्मेट खाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी माईक उचलला, असं झालं नाही. बरीच वर्षं दोन्ही हातांत दोन्ही होती.

या पेशात त्याच्या आधी कोण होते ते पाहिलं की एक गंमत दिसते. जेम्स हंट १९७६ चा विश्वविजेता. निवृत्तीनंतर १९८० पासून १९९३ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो बीबीसीवर मरे वॉकरबरोबर समालोचन करत असे. तिखट, फटकळ, एखादा ड्रायव्हर आवडला नाही तर सरळ तोंडावर सांगणारा. ऐकायला मजा यायची, पण समजावून सांगणं हा त्याचा पिंड नव्हता. त्यानंतरचा मोठा आवाज मार्टिन ब्रंडल. १९९७ पासून समालोचनात आहे आणि आज त्याच्याशिवाय शर्यत सुनी वाटते. ब्रंडलने फॉर्म्युला वनमध्ये दीडशेहून जास्त शर्यती केल्या आणि एकही जिंकली नाही. नऊ वेळा पहिल्या तिघांत आला, एवढंच.

मला यात एक सूत्र दिसतं. जो जन्मजात वेगवान असतो, त्याच्या हातांना उत्तर आधी कळतं. ‘हे वळण कसं घेतोस?’ असं विचारलं तर तो खांदे उडवतो. ज्याला त्याच्याशी बरोबरी करायची असते आणि दोन दशांश कमी पडत असतात, तो रात्री इंजिनियरबरोबर बसून आलेख बघतो. माझा ब्रेक कुठे लागला, त्याचा कुठे, स्टिअरिंग किती अंशांत वळलं, ॲक्सिलरेटर कधी दाबला. वर्षानुवर्षं त्याने हेच केलेलं असतं. संगीतातही आपण पाहतो, महान गवई आणि उत्तम गुरू हे नेहमी एकच असतील असं नाही. आपल्या मराठीत बाळ ज. पंडित होते. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, पण त्यांची ओळख झाली ती रेडिओवरच्या मराठी समालोचनाने. मैदान डोळ्यांसमोर उभं करायला त्यांच्या नावावर कसोटीतलं शतक असावं लागलं नाही.

आता त्या टचस्क्रीनकडे वळू. तिथे नेमकं काय होतं ते समजून घेऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

म्हैसूरहून बंदीपूर, मसिनगुडीमार्गे उटीला जाताना कल्हट्टीचा घाट लागतो. ३६ हेअरपिन वळणं. घाटात गाडी चालवलेल्यांना माहीत असेल की नवा ड्रायव्हर वळणाआधीच करकचून ब्रेक लावतो, गाडी जवळजवळ थांबवतो, मग स्टिअरिंग फिरवतो. मुरलेला ड्रायव्हर ब्रेक लावतो आणि वळायला सुरुवात केल्यावर हळूहळू सोडत नेतो. ब्रेकमुळे गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात आणि गाडीचं नाक आत वळतं. ब्रेक एकदम सोडला तर भार मागे जातो आणि गाडी सरळ निघून जायला बघते. फॉर्म्युला वनमध्ये हेच, फक्त प्रचंड वेगात. इटलीत मोंझाला पहिल्या वळणाआधी गाडी ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे असते आणि काही क्षणांत तिला शंभराच्या खाली आणायचं असतं. त्या वेळी ड्रायव्हरच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या चार-पाच पट जोर येतो.

समजा एकाच संघाच्या दोन गाड्या आहेत. यंत्र सारखं, टायर सारखे. एक ड्रायव्हर वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक लावतो. पडद्यावर तो पुढे दिसतो आणि आपल्याला वाटतं हाच धाडसी, हाच वेगवान. दुसरा पाच मीटर आधी लावतो. पण त्यामुळे त्याची गाडी वळणात लवकर सरळ होते, तो ॲक्सिलरेटर आधी दाबतो आणि मग पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यावर त्याला जास्त वेग मिळत राहतो. वळणात गमावलेले शतांश तिथे व्याजासकट वसूल. चंडोक चित्र थांबवतो ते ब्रेक लागतो त्या ठिकाणी नव्हे, ब्रेक सुटतो त्या ठिकाणी. सामान्य प्रेक्षकाची नजर तिथे कधी जात नाही. ही सवय जीपी-२ च्या गॅरेजमध्ये, सोबतच्या ड्रायव्हरचे आलेख स्वतःच्या आलेखांवर ठेवून बघताना लागते.

दुसरं उदाहरण ‘अंडरकट’. हा शब्द समालोचनात सारखा येतो. पुढची गाडी ओलांडता येत नसेल तर तिच्या एक-दोन फेऱ्या आधी पिटमध्ये जायचं आणि नवे टायर घालायचे. नवे टायर रस्ता चांगला धरतात, त्यामुळे बाहेर आल्यावर एक फेरी जीव तोडून पळवली की एखाद-दुसरा सेकंद मिळतो. पुढची गाडी नंतर जुन्या टायरांवरून पिटमध्ये जाते, बाहेर येते आणि बघते तर मागचा पुढे निघून गेलाय. रस्त्यावर ओलांडाओलांडी झालीच नाही. आता यात अडचण अशी की पिटमध्ये जायचं म्हटलं की वीसेक सेकंद जातात आणि बाहेर येताना आपण रडतखडत चाललेल्या गाडीमागे अडकलो तर डाव फसतो. हे सगळं घडण्याआधी सांगायचं असतं. घडून गेल्यावर कुणीही सांगेल. चंडोक पुष्कळदा दोन फेऱ्या आधी म्हणतो की आता अमक्या संघाला फोन उचलल्यासारखं आत बोलवावं लागेल आणि तसं होतं तेव्हा घरी बसलेल्यालाही आपल्याला खेळ कळतोय असं वाटतं. कधी त्याचा अंदाज साफ चुकतोही. अंदाज बांधणाऱ्याचा तो धर्मच आहे.

मुख्य समालोचक आणि तज्ज्ञ यांची कामं वेगळी असतात, हेही सांगतो. मुख्य समालोचक काय घडतंय ते सांगतो, आवाज चढवतो, नावं चुकवत नाही. तज्ज्ञाला त्या गदारोळात मिळतात आठ-दहा सेकंद. तेवढ्यात ‘का’ सांगायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड. चंडोकला ते जमतं, जरी उत्साहात कधी कधी दोन वाक्यं जास्त होतात.

त्याच्यावर होणाऱ्या टीकेतला एक मुद्दा मला रास्त वाटतो. पॅडॉकमध्ये सगळे त्याच्या ओळखीचे. संघांचे प्रमुख, इंजिनियर, ड्रायव्हर. त्यातले काही जण वर्षानुवर्षांचे मित्र. अशा माणसाची जीभ एखाद्या प्रमुखाच्या चुकीवर हंटसारखी सुटत नाही. माहिती ओळखीतून मिळते आणि ओळख जपायची तर थोडं सौम्य राहावं लागतं. हा सौदा क्रिकेटच्या माजी खेळाडूंनाही करावा लागतो. कितीजण तो करतात हे तुम्ही दर सामन्याला ऐकताच.

आमच्या म्हैसूरच्याच जवागल श्रीनाथने निराळा रस्ता घेतला. कसोटीत २३६ आणि एकदिवसीय सामन्यांत ३१५ बळी घेतल्यावर तो आयसीसीचा सामनाधिकारी झाला. तेही खेळात राहणंच, पण तिथे बोलायचं नसतं. जे दिसलं ते अहवालात लिहायचं. निवृत्त खेळाडूला खेळाजवळ राहायचे असे कितीतरी दरवाजे असतात. अकादमी, निवड समिती, पंचगिरी, राजकारण. आणि आता स्वतःचं यूट्यूब चॅनल. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये धावला, पण मराठी प्रेक्षकांत त्याची ओळख शर्यतींपेक्षा व्हिडिओंमुळे जास्त आहे. गो-कार्टिंगला मुलं घालणाऱ्या आईवडिलांनी हे सगळे दरवाजे आधीपासून बघून ठेवावेत, असं मी स्पष्टच सांगेन. फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर एका वेळी वीस-बावीस जागा असतात. साऱ्या जगासाठी.

आणि बोलण्याच्या कामासाठी गाडी सोडावीच लागते असंही नाही. २०१७ मध्ये विल्यम्स संघाला ४० वर्षं झाली म्हणून सिल्वरस्टोनला सोहळा होता. नायजेल मॅन्सेलने ज्या एफडब्ल्यू १४ बी गाडीतून १९९२ चं विश्वविजेतेपद जिंकलं, ती बाहेर काढली होती. ती पळवायला दिली करुण चंडोकला. टीव्हीवरच्या ओळखीमुळे कुणी ती गाडी हातात देत नाही. अशा जुन्या, अमूल्य गाडीत बसवतात ते तिला धक्का न लावता वेगात फिरवू शकणाऱ्या आणि नंतर खाली उतरून ती कशी वाटली हे शब्दांत सांगू शकणाऱ्याला.

आता पुढच्या पात्रता फेरीनंतर एवढं करून बघा. ती दोन फेऱ्यांची तुलना लागली की पहिल्यांदा आवाज बंद ठेवा. कोण वेगवान आणि नेमकं कुठे, ते स्वतः ओळखा, कागदावर लिहा. मग रेकॉर्डिंग मागे घेऊन आवाज चालू करा आणि तो चित्र कुठे थांबवतो ते पाहा. मी हे गेले दोन हंगाम करतोय. अजून माझं बोट ब्रेक लागतो तिथेच थांबतं.